प्रतीक्षा आणि आसक्ती

निष्काम कर्मयोगाचा उपदेश ऐकणाऱ्या गृहस्थाच्या मनात एक शंका वारंवार उद्भवते. मनुष्याचा अधिकार कर्मावर आहे, फळावर नाही, हे भगवंतांचे सांगणे त्याने लहानपणापासून ऐकलेले असते. परंतु तो शेत पेरतो तेव्हा पिकाकडे पाहतो. मुलाला शाळेत घालतो तेव्हा त्याच्या प्रगतीकडे पाहतो. रुग्णाला औषध देतो तेव्हा ज्वर उतरला की नाही हे पाहतो. हे पाहणे म्हणजे फलासक्ती होय काय? होय म्हणावे, तर गृहस्थाश्रम चालणेच अशक्य. नाही म्हणावे, तर फलत्यागाचा उपदेश केवळ पारायणापुरता उरतो. ह्या दोहोंच्या मध्ये सापडलेला गृहस्थ बहुधा एक सोपी वाट काढतो. सकाळी अध्याय वाचताना तो फळ सोडून देतो आणि दिवसभर व्यवहार करताना ते पुन्हा हाती घट्ट धरतो. अशाने मनाचे समाधान होत नाही आणि व्यवहारही शुद्ध होत नाही.

ह्या शंकेचा उलगडा केवळ शब्दांच्या ऊहापोहाने होणे कठीण आहे. एखादे नित्य पाहण्यातले उदाहरण समोर असले म्हणजे विचार सरळ चालतो. घराच्या परसात लावलेल्या बांबूच्या बेटाचे उदाहरण ह्या कामी फार उपयोगी आहे. आंबा किंवा फणस फांदीवर दिसतो, दिवसेंदिवस मोठा होतो आणि पाहणाऱ्याला धीर देतो. बांबूचे तसे नाही. त्याचा कोंब भूमीच्या पोटात, कोणाच्याही दृष्टीस न पडता तयार होतो, आणि वर येतो तेव्हा जणू एका रात्रीत आल्यासारखा वाटतो. तो कोठून निघेल, किती निघतील, त्यांतील किती टिकतील, हे लावणाऱ्याला आधी सांगता येत नाही. बांबू लावणाऱ्याला खरोखरीची वाट पाहावी लागते.

आपल्या पूर्वजांनी ह्या वनस्पतीकडे किती लक्षपूर्वक पाहिले होते हे तिच्या नावांवरूनच कळते. अमरकोशात तिला त्वक्सार म्हटले आहे, कारण तिचे बळ आतल्या गाभ्यात नसून सालीत आहे. शतपर्वा म्हटले आहे, कारण तिला असंख्य पेरे आहेत. यवफल म्हटले आहे, कारण तिचे फळ जवासारखे असते. आणि तृणध्वज म्हटले आहे, कारण ती वस्तुतः गवताच्या कुळातील असून त्या कुळाची जणू ध्वजा आहे. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने बांबूला वृक्षांत गणले होते. त्या व्याख्येतून तो वगळण्याची दुरुस्ती २०१७ मध्ये झाली. अमरसिंहाला मात्र तो तृण आहे हे केव्हाच ठाऊक होते. त्याच्या कोवळ्या कोंबाला संस्कृतात करीर असे स्वतंत्र नाव आहे. आणि सर्वांत अर्थपूर्ण नाव म्हणजे वंश. एकच शब्द बांबूलाही लागू आणि कुळालाही लागू. एका कंदातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, असे पेरामागून पेर आणि पिढीमागून पिढी वाढत जाणे हे दोहोंचे साम्य आहे. म्हणून बांबूच्या कोंबाविषयी जे कळते, ते घरातील मुलाबाळांविषयीही बरेच काही सांगून जाते.

वसंत हा पालवीचा ऋतू. पण आपल्या देशातील बहुतेक बांबूंचा वसंत वर्षा ऋतूत येतो. उन्हाळ्यात कंदावरील डोळे सुप्त असतात. मृगाचा पाऊस पडून जमीन भिजली की ते फुगू लागतात, आणि आषाढापासून भाद्रपदापर्यंत कोंब वर येत राहतात. चैत्रात कोंब देणारे बांबूही आपल्याकडे आहेत. अरुणाचल प्रदेशातील झिरो खोऱ्यात आपातानी लोक आपल्या गावांलगत कुंपण घातलेल्या घरोघरच्या बागांतून बांबू जोपासतात. ती जात जमिनीखाली दूरवर धावणाऱ्या कंदांची आहे, आणि तिचे कोंब वसंतात फुटतात. चीन आणि जपान ह्या देशांतही वसंतातल्या कोंबांचे मोठे अप्रूप आहे. तिसऱ्या शतकातील मंग झोंग नावाच्या मातृभक्ताची कथा तिकडे प्रसिद्ध आहे. आजारी आईला ऐन हिवाळ्यात कोंबांची इच्छा झाली. तो बांबूच्या वनात जाऊन रडला, आणि जमिनीतून कोंब वर आले. जपानात तेथील सर्वांत मोठ्या बांबूला ह्याच मातृभक्ताच्या नावावरून मोसो म्हणतात. ह्या जातीचे कोंब हिवाळ्यातही जमिनीखाली तयार झालेले असतात आणि जाणकार ते खणून काढतात, हे लक्षात घेतले म्हणजे कथेचा अर्थ अधिकच खुलतो. जे द्यावयाचे ते भूमीने आधीच सिद्ध करून ठेवले होते. पुत्राने आपल्यासाठी नव्हे तर मातेसाठी मागितले, तेव्हा ते त्याच्या दृष्टीस पडले.

आता एका गृहस्थाचा वृत्तांत पाहू. दक्षिण कोकणातील एका खेड्यात एक निवृत्त शिक्षक राहत होते. सारे गाव त्यांना मास्तर म्हणे. त्यांचा एकुलता एक मुलगा पुण्यास राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करीत होता. मास्तरांना सेवानिवृत्तीनंतर वेळ जाईना, म्हणून त्यांनी परसात ओहोळाच्या कडेला माणग्याचे तीन कंद लावले. माणगा हा कोकणातला बिनकाटेरी, जवळजवळ भरीव असा बांबू; मांडवाला, शिडीला, घराच्या छपराला उपयोगी. पहिल्या वर्षी कंद जगले एवढेच. दुसऱ्या वर्षी आषाढ लागला तरी कोंब दिसेना. मास्तर दिवसातून चार वेळा परसात फेरी घालीत. शेवटी एके दिवशी त्यांनी खुरपे घेऊन बुंध्याजवळची माती हलक्या हाताने बाजूस केली. आत बोटाएवढा पांढरा कोंब होता. तो पाहून त्यांना आनंद झाला. पण खुरप्याचे टोक त्याला लागले होते. चार दिवसांत तो काळा पडून कुजला.

शेजारचे वृद्ध शेतकरी ते पाहून म्हणाले, “मास्तर, कोंब येतो तो आपल्या वेळेला येतो. त्याला बघायचं असेल तर वरून बघावं, उकरून बघू नये. आपलं काम मातीची भर घालायचं आणि गुरं राखायचं.”

मास्तर काही बोलले नाहीत. त्या रात्री त्यांनी नेहमीप्रमाणे मुलाला दूरध्वनी केला आणि नेहमीप्रमाणे विचारले, “आज किती अभ्यास झाला? सराव परीक्षेत किती गुण पडले?” पलीकडून थोडा वेळ काहीच उत्तर आले नाही. मग मुलगा म्हणाला, “बाबा, झोप आली आहे, उद्या बोलू.” दूरध्वनी ठेवल्यावर त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “अहो, तुम्ही रोज त्यालासुद्धा खुरप्यानं उकरून बघता.”

हे वाक्य मास्तरांच्या जिव्हारी लागले. ह्याच ठिकाणी आपल्या मूळ प्रश्नाला खरा आरंभ होतो. मास्तरांनी बांबूवर प्रेम केले नव्हते काय? मुलाचे हित चिंतिले नव्हते काय? दोन्ही केले होते. मग चुकले ते काय? पाहणे चुकले, की पाहण्याची रीत चुकली?

संस्कृत भाषा येथे मोठी मदत करते. पाहणे ह्या अर्थाचा एक धातू ईक्ष्. त्याला निरनिराळे उपसर्ग लागून कितीतरी शब्द झाले आहेत. एखाद्याच्या दिशेने दृष्टी लावून राहणे ही प्रतीक्षा. एखाद्या गोष्टीची दखल घेऊन तिच्यावर लक्ष ठेवणे ही अपेक्षा. दृष्टी असूनही तिकडे न पाहणे ही उपेक्षा. चहूकडून पाहणे ही परीक्षा. बारकाईने पाहणे हे निरीक्षण. एकत्र घेऊन नीट पाहणे ही समीक्षा. हे सारे दृष्टीचे प्रकार आहेत. आसक्ती मात्र ह्या कुळातली नव्हे. ती सञ्ज् ह्या धातूपासून झाली आहे आणि त्याचा अर्थ चिकटणे असा आहे. संग हा शब्दही त्याच धातूचा. म्हणजे भाषेनेच दोन गोष्टी वेगळ्या करून ठेवल्या आहेत. पाहणे निराळे आणि चिकटणे निराळे. डोळ्याचा धर्म असा की पाहावयाची वस्तू थोडी दूर असावी लागते. डोळ्यालाच चिकटलेली वस्तू दिसत नाही. जो फळाला चिकटला त्याला फळही नीट दिसत नाही.

यावर कोणी म्हणेल, गीतेच्या बाराव्या अध्यायात भगवंतांनी आपल्या प्रिय भक्ताचे लक्षण सांगताना त्याला अनपेक्ष म्हटले आहे. तेव्हा अपेक्षा ही सोडावयाचीच वस्तू ठरते. आक्षेप योग्य आहे, पण तो श्लोक पुढे वाचला पाहिजे. त्याच ठिकाणी त्या भक्ताला दक्षही म्हटले आहे. जो अनपेक्ष आहे तोच दक्ष आहे, म्हणजे वेळच्या वेळी योग्य ते करण्यास तत्पर आहे. न पाहणाऱ्याला दक्ष कसे म्हणावे? आणि अठराव्या अध्यायात तामस कर्माचे लक्षण सांगताना काय म्हटले आहे? पुढचा परिणाम, होणारी हानी, घडणारी हिंसा आणि आपले सामर्थ्य ह्यांचा विचार न करता केवळ मोहाने जे कर्म आरंभिले जाते ते तामस. तेथे अनपेक्ष्य असा शब्द आहे. काही पाठांत अनवेक्ष्य असेही आहे. दोन्ही शब्द ईक्ष् धातूचेच, आणि दोहोंचा अर्थ न पाहता असाच होतो. म्हणजे बाराव्या अध्यायात ज्या अनपेक्षेची स्तुती आहे, तीच वरवर दिसणारी अनपेक्षा अठराव्या अध्यायात तमोगुणाची खूण ठरली आहे. ह्यात विरोध नाही. स्वतःच्या सुखासाठी कशाची वाट न पाहणे ही भक्ताची अनपेक्षा. आपल्या कर्माने काय घडेल हे न पाहणे ही तामस अनपेक्षा. पहिलीने मनुष्य मोकळा होतो, दुसरीने इतरांचा घात होतो.

ह्यावरून एक कसोटी हाती येते. आपल्या पाहण्याने कर्म सुधारते की बिघडते, हे विचारावे. बांबू लावणारा सकाळी परसात जातो आणि कोंब दिसला की त्याभोवती काट्या रोवतो, गुरांना अडवतो, पाणी तुंबले असेल तर चर काढतो, कंद उघडे पडले असतील तर मातीची भर घालतो. हे पाहणे कर्माचाच भाग आहे. हे न केले तर कर्तव्याला बाध येईल. पण ज्या पाहण्याचे प्रयोजन केवळ स्वतःच्या मनाची तगमग शांत करणे हे आहे, ते पाहणे खुरप्याने उकरल्यावाचून राहत नाही. मास्तर माती उकरीत होते ती कोंबाच्या हितासाठी नव्हे. आपल्या शंकेला उत्तर मिळावे म्हणून. मुलाला रोज गुण विचारीत होते तेही त्याचा अभ्यास वाढावा म्हणून नव्हे. आपली रात्र सुखाने जावी म्हणून. प्रतीक्षा समोरच्यासाठी असते, आसक्ती स्वतःसाठी असते, एवढाच भेद. आणि तो बाहेरून फार वेळा दिसतही नाही.

येथे दुसरी शंका येते. फळाची इच्छाच नसेल तर कंद लावावा तरी कशाला? ह्याचे उत्तर असे की कर्माला प्रयोजन असणे आणि कर्त्याने फळावर टेकून बसणे ह्या भिन्न गोष्टी आहेत. छपराला वासे पाहिजेत म्हणून बांबू लावणे हे प्रयोजन झाले. प्रयोजनावाचून केलेले कर्म हा निव्वळ खेळ होईल. चौथ्या अध्यायात फलसंग सोडलेल्या पुरुषाला निराश्रय म्हटले आहे. त्याचा आशय हाच, की तो फळाला टेकून उभा नाही. भिंतीला टेकलेला मनुष्य भिंत पडली की पडतो. भिंतीजवळ उभा असलेला पडत नाही. बांबूचे बेट जळाले, तर छपरासाठी दुसरी तजवीज करावी लागेल. पण त्याबरोबर लावणाराही आतून कोसळावा, असे काही कारण नाही.

अलीकडे उत्साह देणाऱ्या व्याख्यानांतून बांबूची एक गोष्ट फार सांगितली जाते. चीनमध्ये एक बांबू आहे. त्याला पाच वर्षे पाणी घालावे, तोवर जमिनीवर काहीच दिसत नाही. मग काही आठवड्यांत तो ऐंशी फूट वाढतो. म्हणून धीर धरा, यश एकदम येईल. गोष्ट ऐकावयास गोड आहे, पण बांबू असा वाढत नाही. लावलेला कंद किंवा रोप जिवंत असेल तर ते बहुधा दरवर्षी कोंब देते. पहिल्या वर्षांतले कोंब लेखणीसारखे बारीक असतात. पुढच्या वर्षी ते थोडे जाड, त्यापुढे आणखी जाड. असे करीत पाच-सहा वर्षांत बेट तोडणीयोग्य होते. ही खरी हकीकत त्या गोष्टीपेक्षा अधिक उपकारक आहे. त्या गोष्टीतला मनुष्य पाच वर्षे केवळ एका चमत्काराकडे डोळे लावून बसतो. ती फलासक्तीच होय, फक्त तिची मुदत लांबलेली आहे. खऱ्या बांबूपाशी बसणाऱ्याला दरवर्षीच्या बारीक कोंबाचा आदर करावा लागतो. कारण तो बारीक कोंबच पाने धारण करतो, पानांतून अन्न तयार करून कंदात साठवितो, आणि त्या साठ्यावरच पुढच्या वर्षीचा जाड कोंब उभा राहतो. ज्याने बारीक कोंबाला निरुपयोगी म्हणून छाटले, त्याने पुढचा जाड कोंबही छाटला.

बांबूचा आणखी एक धर्म लक्षात घेण्याजोगा आहे. कोंब जमिनीतून ज्या जाडीचा निघतो, तीच त्याची कायमची जाडी. तो दोन-चार महिन्यांत पूर्ण उंची गाठतो, पुढे सुमारे तीन वर्षांत पक्व आणि कणखर होतो, पण जाड होत नाही. निघालेल्या कोंबाला बाहेरून कितीही ओढले, चोळले, धमकावले, तरी त्यात पैभर फरक पडणार नाही. फरक करावयाचा असेल तर तो भूमीत, कंदात, जुन्या काठ्यांच्या पानांत करावा लागतो, आणि तोही पुढच्या ऋतूसाठी. अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीला पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नाना प्रकारचे व्यापार आणि पाचवे दैव. बांबूच्या बाबतीत भूमी हे अधिष्ठान, लावणारा हा कर्ता, कुदळ व पाणी ही साधने, भर घालणे व राखण करणे हे व्यापार. आणि पाऊस केव्हा पडेल, साळिंदर केव्हा येईल, हे दैव. पाचांपैकी एकच जागा आपली आहे हे ज्याला उमगले, त्याला यशाचा गर्व आणि अपयशाचे वैफल्य ही दोन्ही खोटी वाटू लागतात.

पुत्राच्या बाबतीत तर ह्याहून एक पाऊल पुढे जावे लागेल. बांबू हे निदान लावणाऱ्याच्या कर्माचे फळ म्हणता येईल. अपत्य हे आईबापांच्या कर्माचे फळ नव्हे. ते स्वतः कर्ता आहे. त्याला त्याचा अधिकार आहे, त्याची कर्मे आहेत आणि त्याची फळेही त्याचीच आहेत. बाप आपल्या फळाची आसक्ती सोडण्याचा अभ्यास करीत असतो आणि मुलाच्या फळाला मात्र आपले समजून घट्ट धरतो, हा गृहस्थाश्रमातला सर्वांत दुर्लक्षित दोष आहे. तो दोष प्रेमाच्या रूपाने येतो, म्हणून ओळखू येत नाही. बापाचे कर्म शिक्षण देणे, पोटभर अन्न देणे, चुकल्यास सांगणे, पडल्यास उचलणे. येथे त्याचा अधिकार संपतो. मुलाची परीक्षा मुलाने द्यावयाची आहे.

मास्तरांच्या परसात तिसऱ्या वर्षी पाच कोंब आले. त्यांनी ते वरूनच पाहिले. एके रात्री साळिंदराने दोन खाल्ले. पूर्वी असे झाले असते तर मास्तरांचे त्या दिवशी अन्नावर मन लागले नसते. त्या सकाळी ते थोडा वेळ खिन्न उभे राहिले. मग कोयता घेऊन बोराट्या तोडून आणल्या आणि उरलेल्या तिघांभोवती गच्च कुंपण केले. दुःख झालेच नाही असे नव्हे. दुःखाने हात थांबले नाहीत एवढेच. सात्त्विक कर्त्याच्या लक्षणांत धृती आणि उत्साह ही दोन्ही सांगून मग सिद्धी-असिद्धीत निर्विकार राहणे सांगितले आहे, ते ह्याचसाठी. ज्याच्या ठिकाणी उत्साहच नाही त्याची निर्विकारता ही निर्विकारता नसून जडता आहे. तामस कर्त्याला विषादी आणि दीर्घसूत्री म्हटले आहे. तोही फळाविषयी बोलत नाही, पण ते वैराग्य नव्हे. काही लोक अपयशानंतर निष्कामतेची भाषा बोलू लागतात. ती भाषा खरी की खोटी हे ओळखण्याची खूण सोपी आहे: दुसऱ्या दिवशी त्यांनी कुंपण घातले काय?

फळ आल्यावर ते कसे घ्यावे ह्याचाही धडा ह्या वंशात आहे. कोंबाची भाजी देशाच्या अनेक भागांत आवडीने खातात. विदर्भात तिला वास्ते म्हणतात. आसामपासून नागालँडपर्यंत आणि गोव्यापासून कोडगूपर्यंत पावसाळ्यात ती घरोघरी होते. कोंब कच्चा खात नाहीत. त्यात विषारी द्रव्याचा अंश असल्याने तो उकडून ते पाणी टाकून देतात. पण जाणता गृहस्थ सगळे कोंब काढीत नाही. जोमदार कोंब तो वाढू देतो आणि हंगामाच्या अखेरीस येणारे, बहुधा न टिकणारे, तेवढे काढतो. तोडणीचाही नियम असाच आहे. चालू वर्षाच्या आणि मागच्या वर्षाच्या काठीला कोयता लावावयाचा नाही. तीन वर्षे झालेली पक्व काठी काढावयाची, तीही पावसाळा सरल्यावर, आणि बेटात जुन्या काठ्याही थोड्या ठेवावयाच्या. कारण कोवळ्या कोंबाला वाढताना स्वतःची पाने नसतात. वडील काठ्यांनी कमावलेले अन्न कंदावाटे त्याच्याकडे जाते. तिसऱ्या अध्यायात, मिळालेले परत न देता जो एकटाच भोगतो त्याला चोर म्हटले आहे. उभे बेट एका हंगामात साफ करून विकणारा हा अशा चोरांपैकी होय; फरक इतकाच की तो आपल्या पुढच्या वर्षाची चोरी करतो.

आणि बांबूचे प्रत्यक्ष फळ? त्याची कथा तर विलक्षण आहे. बांबूच्या पुष्कळ जाती कित्येक दशकांतून एकदाच फुलतात. फुलतात तेव्हा जातीचे बेटच्या बेट एका काळी फुलते, जवासारखे दाणे येतात, आणि मग ते बेट सुकून मरते. फळ आले की बांबू मरतो, ही गोष्ट प्राचीन ग्रंथकारांनी दृष्टांत म्हणून वापरली आहे. मिझोराममध्ये सुमारे अठ्ठेचाळीस वर्षांनी येणाऱ्या अशा फुलोऱ्याला मौताम म्हणतात. विपुल फळांवर उंदरांची अपार वाढ होते आणि मग ते उंदीर शेतातील भात फस्त करतात. १९५९ च्या सुमारास अशा फुलोऱ्यानंतर तेथे दुष्काळ पडला होता. पुढचा फुलोरा २००६-०७ ह्या काळात आला, तेव्हा त्याची वेळ आधीपासून माहीत असल्याने सरकारने आणि लोकांनी पूर्वतयारी केली होती. ह्यातून दोन गोष्टी दिसतात. फळ विपुल आले म्हणजे कल्याण झालेच, असे नाही. आणि येणाऱ्या परिणामाकडे डोळे उघडे ठेवून पाहणे हा फलासक्तीचा दोष नव्हे. ते कर्तव्य आहे.

बांबूला संस्कृतात मस्कर असेही नाव आहे आणि मस्करी म्हणजे परिव्राजक, संन्यासी. हातात वेणूचा दंड असतो म्हणून तो मस्करी, असे कोणासही वाटेल. परंतु पाणिनीच्या सूत्रावर भाष्य करताना पतंजलींनी ही व्युत्पत्ती नाकारली आहे. कर्मे करू नका, शांती हेच तुमचे श्रेय, असा उपदेश करतो म्हणून तो मस्करी, असे ते सांगतात. त्या काळी कर्मच टाकावे असे सांगणारा एक पक्ष होता, ह्याची ती साक्ष आहे. गीतेचे सांगणे गृहस्थाला निराळे आहे. कर्म टाकून मिळणारी शांती त्याच्यासाठी नाही. त्याने हाती दंड घेऊन निघून जावयाचे नाही, तर परसात कंद लावून तेथेच उभे राहावयाचे आहे. शांती मिळवावयाची ती कोंबाची राखण करता करता. हे संन्याशाच्या मार्गापेक्षा सोपे आहे असे कोणी समजू नये. ज्याने बेट लावलेच नाही त्याला साळिंदराचे भय नाही. लावून, राखून, प्रेम करूनही मोकळे राहणे हे खरे अवघड आहे.

मास्तरांचा मुलगा त्या वर्षीही परीक्षेत यशस्वी झाला नाही. निकाल लागला त्या रात्री मास्तरांनी दूरध्वनी केला आणि एवढेच विचारले, “जेवलास का?” पलीकडे मुलगा बराच वेळ गप्प राहिला, आणि मग पुष्कळ महिन्यांनंतर प्रथमच आपण होऊन बोलू लागला. श्रावणात तो घरी आला. पुढे काय करावयाचे हे त्याचे ठरले नव्हते, आणि मास्तरांनी ते विचारले नाही. सकाळी दोघे परसात गेले. कुंपणाआड तीन कोंब डोक्याच्या वर गेले होते. त्यांच्या पेरांवरची तपकिरी आवरणे गळू लागली होती. पावसाने एका बाजूची माती वाहून जाऊन कंद उघडा पडला होता. मास्तर टोपली आणावयास वळले, तोवर मुलाने कुदळ हाती घेतली होती.

त्या मुलाचे पुढे काय झाले, असा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. तो प्रश्न उमटताच आपण आपल्याच मनाकडे पाहावे. तो कोठून आला, त्या तरुणाच्या हितचिंतेतून की गोष्टीचा शेवट गोड व्हावा ह्या इच्छेतून, हे ज्याचे त्याला कळेल. घरोघरी अशी मुले आहेत, असे वृद्ध आहेत, असे रुग्ण आहेत, ज्यांच्याकडे आपण रोज पाहतो. पाहणे सोडावयाचे नाही. ते सोडले तर उपेक्षा होईल. सोडावयाचे आहे ते हातातले खुरपे. सकाळी उठावे, परसात जावे, उघडा पडलेला कंद झाकावा, आणि जे भूमीच्या आत चालले आहे ते भूमीवर सोपवावे.